व्याख्यानाचे मुद्रण : यंत्राच्या अटी आणि माणसाच्या अटी



या व्यासपीठावरून आजवर जे बोलले ते बहुतेक विद्वान होते. आमची गोष्ट तशी नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि अशाच व्याख्यानमालांच्या शेवटच्या रांगेत उभे राहून झाले. म्हणून चिटणीसांनी विषय विचारला आणि आम्ही ‘विद्यापीठातील व्याख्याने मुद्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तांत्रिक गरजा’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे. सॉफ्टवेअरशी त्याचा संबंध काय? तो संबंध आहे, आणि तो जवळचा आहे, एवढेच आज आम्हांला दाखवायचे आहे.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. नव्वद सालच्या आगेमागे आम्ही एका इंजिनिअरिंग कारखान्यात दुसऱ्या पाळीला होतो. दुसरी पाळी म्हणजे दुपारी साडेतीन ते रात्री बारा. व्याख्यान सायंकाळी साडेसहाला. म्हणजे वसंत ऋतू दरसाल येई, पण व्याख्यान काही आमच्या वाट्याला येत नसे. आमचा एक मित्र पहिल्या पाळीला होता. त्याने तोड काढली. आपला कॅसेट रेकॉर्डर घेऊन तो व्याख्यानाला जाऊन बसे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट आमच्या हाती देई.

पहिल्या दिवशी त्याने रेकॉर्डर उंच पंख्याशेजारी ठेवला. आम्ही तासभर पंखा ऐकला. मधून मधून वक्ता ऐकू येई. दुसऱ्या दिवशी तो पुढे बसला आणि आवाज स्वच्छ आला. पण साठ मिनिटांची कॅसेट एका बाजूला तीसच मिनिटे चाले. वक्त्याने “आता मुख्य मुद्दा सांगतो” असे म्हटले आणि कॅसेटची बाजू संपली. आमच्या मित्राने ती पलटेपर्यंत मुद्दा होऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी विसाव्या मिनिटाला बॅटरी बसली. त्या तीन सकाळी आम्ही फार चिडलो होतो. परंतु पुढे या विषयावरची जाडजूड कागदपत्रे वाचण्याचा प्रसंग आला तेव्हा ध्यानात आले की, त्यांतले निम्मे शास्त्र आमच्या मित्राने आम्हांला त्या तीन दिवसांत शिकवून ठेवले होते.

तो प्रसंग असा. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठातील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनेने आम्हांला बोलावले. विद्यापीठाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे कोठेही घडू शकते. तेथे व्याख्यानाच्या खोल्यांत मुद्रणाची यंत्रणा बसवायची होती आणि तिच्या निविदेचा मसुदा तयार झाला होता. चाळीस पानांचा मसुदा. त्यात कॅमेरे होते, तारा होत्या, सर्व्हर होते, तापमान किती असावे तेही होते. आम्ही तो दोनदा वाचला. त्या चाळीस पानांत तीन माणसे मात्र कोठे सापडली नाहीत. एक, जो व्याख्यान देतो तो. दुसरा, ज्याला कान नाहीत पण ज्ञानाची भूक आहे तो. आणि तिसरा, जो रोज सकाळी कुलूप काढून ते यंत्र सुरू करणार तो. आम्ही त्या मंडळींना विचारले, “ही यादी कोणी केली?” उत्तर आले, “ती तांत्रिक बाब आहे.”

श्रोतेहो, ‘तांत्रिक बाब’ हा शब्द आमच्या कानावर तीस वर्षे पडत आला आहे. एखाद्या गोष्टीवर चर्चा नको असली की ती तांत्रिक होते. कामाचा वेग वाढवायचा असला की तो तांत्रिक प्रश्न. म्हणून तो शब्द ऐकला की आम्ही खुर्ची ओढून घेतो आणि कागद मागतो.

आता ‘तांत्रिक गरजांची यादी’ म्हणजे काय? आमच्या भाषेत सांगायचे तर ती मागण्यांची सनद आहे. यंत्र विकत घेणारा यंत्र विकणाऱ्यापुढे ती ठेवतो. आणि सनद कशी लिहावी याचा धडा या प्रांताला फार पूर्वी मिळाला आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला. त्यात काय होते? ‘कामगारांना माणुसकीने वागवा’ एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. आठवड्यातून रविवारची पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार. पाहा, प्रत्येक मागणी मोजता येते. पंधरा तारीख उलटली की मालक चुकला, हे अडाणी माणसालाही कळते. पुढे १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. ती मिळाली की नाही यावर वाद घालायला जागाच नव्हती.

सॉफ्टवेअरच्या यादीलाही हाच नियम लागतो. ‘यंत्रणा दर्जेदार व वापरण्यास सुलभ असावी’ हे वाक्य आम्ही त्या मसुद्यात सात वेळा वाचले. अशा वाक्याने कोणी बांधला जात नाही. ‘शेवटच्या बाकावरून विचारलेला प्रश्न मुद्रणात स्पष्ट ऐकू यावा, आणि हे पैसे देण्यापूर्वी प्रत्येक खोलीत करून दाखवावे’ असे लिहिले म्हणजे कंत्राटदार बांधला जातो.

तेव्हा प्रथम यंत्राकडे जाऊ. व्याख्यान खोलीतून निघून विद्यार्थ्याच्या हातातल्या फोनपर्यंत जाते, तो प्रवास कसा होतो? वेळापत्रकाप्रमाणे खोलीतले एक लहानसे यंत्र आपोआप सुरू होते. ते तीन गोष्टी टिपते : वक्त्याचा आवाज, वक्त्याचे किंवा फळ्याचे चित्र, आणि संगणकाच्या पडद्यावर दाखविली जाणारी पाने. या तिन्ही गोष्टी एकाच घड्याळाने चालल्या पाहिजेत, नाही तर गुरुजी तिसऱ्या आकृतीविषयी बोलत असतात आणि पडद्यावर पाचवी असते. तास संपला की ते सारे मध्यवर्ती सर्व्हरकडे जाते. तेथे त्याचे लहानमोठे आकार तयार होतात, पानांवरची अक्षरे ओळखून शोधसूची बनते, आणि मग ज्या विषयाच्या ज्या विद्यार्थ्यांचे ते व्याख्यान, त्यांना ते आपल्या नावाने प्रवेश करून पाहता येते.

यात सर्वांत महत्त्वाचे काय? कॅमेरा विकणारा म्हणेल, कॅमेरा. आमच्या पंख्याच्या अनुभवावरून आम्ही सांगतो, आवाज. थोडा हिशेब करू. आवाज सेकंदाला ६४ किलोबिट या दराने साठविला तर तासाच्या व्याख्यानाला सुमारे २९ मेगाबाइट जागा लागते. चांगले चित्र सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर तासाला १,८०० मेगाबाइट, म्हणजे १.८ गिगाबाइट. चित्र आवाजाच्या साठपट जागा खाते. पण चित्र बिघडले तर विद्यार्थी डोळे मिटून व्याख्यान ऐकू शकतो. आवाज बिघडला तर त्या सुंदर चित्राचे काय करायचे? तरीही निविदांत चित्राला चार पाने आणि मायक्रोफोनला दोन ओळी असतात. वक्त्याच्या गळ्याशी एक मायक्रोफोन, श्रोत्यांसाठी छताला किंवा हातोहात फिरणारा दुसरा, बॅटरी संपत आल्याची आधी सूचना, आणि आवाज येत नसेल तर ते मुद्रण संपल्यावर न कळता चालू असतानाच कळावे, ही या यादीतली पहिली मागणी असावी.

दुसरी मागणी साठ्याची. वक्ता आणि पडदा अशी दोन चित्रे त्याच दराने धरली तर तासाला ३.६ गिगाबाइट होतात. एका खोलीत रोज सहा तास, आठवड्यास पाच दिवस, सत्राचे पंधरा आठवडे, म्हणजे ४५० व्याख्याने. त्यांना १,६२० गिगाबाइट लागतील. अशा पन्नास खोल्या घेतल्या तर एका सत्रास ८१ टेराबाइट. हे सारे किती वर्षे ठेवायचे, कोण पुसणार, आणि पुसण्यापूर्वी कोणाला विचारणार, हे ठरविल्यावाचून सर्व्हर विकत घेणे म्हणजे धान्य किती ते न पाहता कोठार बांधण्यासारखे आहे.

तिसरी मागणी बॅटरीच्या अनुभवातून आली आहे. नेटवर्क तुटले तरी खोलीतल्या यंत्राने मुद्रण थांबवू नये. आपल्या पोटात साठवून ठेवावे आणि जोडणी आली की पाठवावे. वीज गेली तर तोवर टिपलेला भाग तरी शाबूत राहावा. आपल्याकडे ही चैन नाही, नित्याची गरज आहे.

चौथी मागणी बाहेर पडण्याच्या वाटेची. आज ज्याच्याकडून यंत्रणा घेतली तो दहा वर्षांनी असेलच असे नाही. एके काळी इंटरनेटवरची पुष्कळशी चित्रफीत फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालत असे. अडोबी कंपनीने २०२० च्या अखेरीस त्याचा आधार बंद केला. ज्यांनी आपली सामग्री केवळ त्यावर बेतली होती त्यांना सारे नव्याने उभे करावे लागले. म्हणून व्याख्यान, त्याची उपशीर्षके आणि त्याची माहिती सर्वमान्य व खुल्या स्वरूपात परत मिळेल, आणि ती मिळण्यास वेगळे पैसे लागणार नाहीत, असे आधीच लिहून घ्यावे. भाड्याचे घर घेतानाच घर सोडण्याच्या अटी वाचाव्यात, हे शहाणपण भाडेकरूला कोणी शिकवावे लागत नाही.

या बाबतीत परदेशांतील काही विद्यापीठांनी एक वाट काढली, ती आम्हां संघटनेच्या माणसांना विशेष आवडली. कॅलिफोर्नियातील बर्कले, झुरिकची ईटीएच, जर्मनीतील ओस्नाब्रुक इत्यादी विद्यापीठांनी प्रत्येकाने वेगळे विकत घेण्याऐवजी एकत्र येऊन स्वतःची यंत्रणा बांधली. मेलन आणि ह्यूलेट या प्रतिष्ठानांनी त्यास पैसा दिला आणि २०१० साली तिची पहिली आवृत्ती निघाली. आरंभी तिला मॅटरहॉर्न या स्विस शिखराचे नाव होते. आता ती ओपनकास्ट म्हणून ओळखली जाते. तिची घडण सर्वांना पाहण्यास खुली आहे. कोणीही ती घ्यावी, दुरुस्त करावी. हे फुकट पडते असे कोणी समजू नये. परवान्याचे पैसे वाचतात, पण ती चालवणारी जाणती माणसे पगारावर ठेवावी लागतात. आमच्या मते हा तिचा गुणच आहे. पैसा परवान्यात न जाता माणसांत जातो.

येथवर यंत्राच्या अटी झाल्या. आता त्या मसुद्यात न सापडलेल्या तीन माणसांकडे वळू.

ज्याला ऐकू येत नाही तो प्रथम घेऊ. वर ज्या बर्कलेचे नाव घेतले, तेथील विद्यापीठाने आपली व्याख्याने वर्षानुवर्षे साऱ्या जगाला मोफत खुली केली होती. केवढे उदार काम! पण त्यांतील पुष्कळ व्याख्यानांना उपशीर्षके, म्हणजे पडद्याच्या तळाशी येणारी बोललेल्या शब्दांची अक्षरे, नव्हती, किंवा ती चुकीची होती. वॉशिंग्टनमध्ये बहिऱ्यांसाठी गॅलॉडेट नावाचे विद्यापीठ आहे. तेथील दोन कर्मचाऱ्यांच्या वतीने अमेरिकेतील बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने तक्रार केली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तेथील न्याय खात्याने विद्यापीठाला कळविले की, हे अपंगांविषयीच्या कायद्यास धरून नाही. विद्यापीठाने काय केले? २०१७ च्या मार्चमध्ये वीस हजारांहून अधिक मुद्रणे सार्वजनिक वापरातून काढून घेतली आणि विद्यापीठाच्या प्रवेशाआड ठेवली. दोष कोणाचा यावर तेव्हा मोठा वाद झाला. काहींनी बहिऱ्यांनाच बोल लावला की, तुमच्यामुळे सगळ्यांचे गेले. शेवटी २०२२ साली न्याय खाते आणि विद्यापीठ यांच्यात तडजोड होऊन ऑनलाइन सामग्री अपंगांना वापरता येईल अशी करण्याचे विद्यापीठाने मान्य केले.

आम्ही या वादाकडे कारखान्याच्या नजरेने पाहतो. यंत्राला जाळी न बसवता कारखाना सुरू केला, आणि पुढे कोणी जाळी मागितली तर मालक म्हणतो, “मग कारखानाच बंद करतो, आणि त्याचा दोष तुमचा.” हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकला आहे. जाळी पहिल्या दिवशी बसवली तर थोडक्यात होते. वीस हजार व्याख्याने झाल्यावर बसवायची म्हटली तर ती डोंगराएवढी वाटते. म्हणून उपशीर्षके ही यादीच्या शेवटी ‘शक्य असल्यास’ म्हणून लिहिण्याची गोष्ट नव्हे.

आणि हे काम यंत्रावर सोडून भागत नाही. यंत्र आता बोलणे ऐकून अक्षरे काढते हे खरे. पण विषयातील विशेष शब्द, नावे, मराठीत बोलता बोलता आलेले इंग्रजी शब्द येथे ते अडखळते, आणि नेमके तेच शब्द परीक्षेत विचारले जातात. म्हणून यादीत लिहावे : यंत्राने केलेली उपशीर्षके माणसाला सहज दुरुस्त करता यावीत, आणि तो दुरुस्ती करणारा माणूस कोण व त्याला मोबदला किती, हेही त्याच कागदावर असावे. अक्षरे वाचता येण्याजोगी असावीत. वेबच्या सुलभतेच्या २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नेहमीच्या आकाराचे अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ असे अंतर मागितले आहे. पाहा, येथेही लोखंड्यांचाच नियम : मागणी मोजता येते. आपल्या देशातही २०१६ सालचा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. आणि उपशीर्षकांचा लाभ बहिऱ्यांनाच होतो असे नाही. आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी २००३ पासून चालविलेल्या एनपीटीईएल या उपक्रमात व्याख्यानांच्या लेखी प्रती आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांची भाषांतरे झाली आहेत. खेड्यातून आलेल्या ज्या मुलाला इंग्रजी कानाने पकडता येत नाही, तो ते डोळ्यांनी वाचतो.

दुसरा माणूस, वक्ता. येथे आमचा खरा धंदा सुरू होतो. माणूस बोलतो आणि त्याचे बोलणे त्याच्यापासून सुटे होऊन साठविले जाते. ते कोणाचे? आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमात एक गंमत आहे. सार्वजनिक ठिकाणी केलेल्या भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा असतो. म्हणजे आज आम्ही येथे जे बोलतो आहोत ते बरेवाईट सारे आमचे. पण नोकरीच्या कराराखाली, नोकरीचा भाग म्हणून जे निर्माण होते, त्याचा पहिला मालक वेगळा करार नसेल तर नोकरी देणारा. त्याच कायद्यात ‘सादरकर्ता’ कोणास म्हणावे याची व्याख्या आहे. तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा, अशी सर्व मंडळी एका ओळीत बसविली आहेत. (हंशा) अध्यक्षमहाराजांनी रागावू नये. गारुड्याच्या शेजारी बसल्याने आपला हक्क वाढला आहे. सादरकर्त्याच्या संमतीवाचून त्याचे सादरीकरण मुद्रित करून वापरता येत नाही, असे हा कायदा सर्वसाधारणपणे म्हणतो. पण ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द विसरू नका. तो करार करणे हे संघटनेचे काम, आणि तो पाळणे हे सॉफ्टवेअरचे काम.

हा धोका कल्पनेतला आहे काय? २०२१ च्या जानेवारीत कॅनडातील माँट्रिअल येथे काँकॉर्डिया विद्यापीठाचा एक विद्यार्थी कलेतिहासाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करीत होता. व्याख्याने त्याला फार आवडली. प्राध्यापकांना पत्र पाठवावे म्हणून तो त्यांचा पत्ता शोधू लागला, आणि त्याला मृत्युलेख सापडला. ते प्राध्यापक, फ्रांस्वा-मार्क गान्यों, २०१९ सालीच वारले होते. अभ्यासक्रम पाहणारे जिवंत शिक्षक होते, कायद्याने काही चुकले असेही आम्ही म्हणत नाही. पण त्या मुलाला जे वाटले असेल त्याचा विचार करा. गुरू बोलतो आहे आणि त्याला प्रश्न विचारता येत नाही. आपल्याकडे थोरांचे ग्रंथ मागे राहतात. ग्रंथ वाचताना कोणी फसत नाही, कारण ग्रंथ आपण जिवंत असल्याची बतावणी करीत नाही. म्हणून यादीत एक साधी ओळ हवी : प्रत्येक मुद्रणावर वक्त्याचे नाव व मुद्रणाची तारीख कायम दिसावी, आणि ठरलेली मुदत संपली की नव्या संमतीवाचून ते पुन्हा दाखविता येऊ नये.

दुसरा धोका संपाचा. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रिटनमधील साठांहून अधिक विद्यापीठांतील शिक्षकांनी पेन्शनच्या प्रश्नावर चौदा दिवसांचा संप केला. त्या काळात एक प्रश्न ऐरणीवर आला : शिक्षक बाहेर फाटकावर उभा आणि आत त्याचेच मागच्या वर्षीचे व्याख्यान लावले, तर संप फोडला कोणी? आमच्या उमेदीत संप फोडायला बाहेरून माणसे आणीत. माणसाचा स्वतःचाच आवाज त्याच्याविरुद्ध कामाला लावता येईल, हे आम्हांला कधी सुचले नसते. एडिनबरा विद्यापीठाने पुढे व्याख्यान-मुद्रणाचे जे धोरण केले, त्यात असे स्पष्ट लिहिले की, वक्त्याच्या संमतीवाचून त्याची मुद्रणे संपाची भरपाई म्हणून वापरली जाणार नाहीत. हे एक वाक्य मिळवायला माणसे टेबलाशी बसावी लागतात. ते आपोआप कोणत्याही निविदेत उगवत नाही.

तेव्हा वक्त्यासाठी मागण्या कोणत्या? त्याच्या हाताशी थांबविण्याचे बटण असावे आणि मुद्रण चालू आहे हे दाखविणारा दिवा वक्त्याला व श्रोत्यांनाही दिसावा. विद्यार्थ्याने आपली घरची अडचण सांगितली, तर तेवढा भाग जगापुढे जाण्याचे कारण नाही. प्रसिद्धीपूर्वी वक्त्याला ते पाहून काटछाट करण्यास ठरावीक दिवस मिळावेत. आणि कोणी ते केव्हा पाहिले याची नोंद यंत्र ठेवणारच, तर ती नोंद कोण वाचू शकतो हेही लिहावे. शिक्षकाच्या प्रत्येक वाक्यावर कचेरीतून नजर ठेवण्याची सोय त्यातून होऊ नये.

आम्हांला कोणी विचारील, “मग तुमचा या यंत्रालाच विरोध का नाही?” आमच्या काही मित्रांचे मत तसे आहे. वर्ग ओस पडतील, मग शिक्षक कमी करतील, असे ते म्हणतात. त्यांची भीती पोकळ नाही. पण दुसऱ्या पाळीचा तो कामगार आम्ही विसरू शकत नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘देशव्यापी वर्ग’ सुरू केला तेव्हाही हेतू हाच होता की, ज्याला चांगल्या कॉलेजात बसता येत नाही त्याच्या घरी ते यावे. आज जो मुलगा रात्री कुरिअरचे काम करून सकाळच्या तासाला डुलक्या घेतो, जी मुलगी आजारी आईजवळ बसल्यामुळे आठवडाभर येऊ शकली नाही, त्यांना ते व्याख्यान मिळू नये असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आमचा झगडा यंत्राशी नाही. यंत्र कोणत्या अटींवर येते, त्याच्याशी आहे.

आता तिसरा माणूस. त्या विद्यापीठात आम्ही एका शिपायाला विचारले, “ही यंत्रणा आली तर तुमचे काम काय?” तो म्हणाला, “साहेब, ती आपोआप चालणार म्हणतात.” थोडे थांबून म्हणाला, “पण कुलूप तर मलाच काढायचे. फ्यूज उडाला तर मलाच बोलावणार. माइकची बॅटरी कोण भरणार ते अजून कोणी सांगितले नाही.” आम्ही त्याच्याकडून अर्ध्या तासात सात गोष्टी लिहून घेतल्या. कोणत्या खोलीत ऊन फळ्यावर पडते, कोणत्या पंख्याचा खडखडाट होतो, कोणत्या प्लगमध्ये ओल येते. पंख्याची गोष्ट निघाली तेव्हा आम्हांला आमचा मित्र आठवला. चाळीस पाने लिहिणाऱ्यांपैकी कोणी या माणसाला विचारले नव्हते. संघटनेने नंतर त्या सात गोष्टी आणि उपशीर्षके, संमती, थांबविण्याचे बटण यांविषयीच्या मागण्या लेखी दिल्या. काही मान्य झाल्या, काही झाल्या नाहीत. खोल्यांची पाहणी करताना त्या शिपायाला बरोबर घेतले, हे आम्ही मोठे यश समजतो. मुदत संपल्यावर मुद्रण पुसण्याची मागणी मात्र अजून लोंबकळत आहे.

श्रोतेहो, १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा एडिसनचा फोनोग्राफदेखील निघाला नव्हता. तो १८७७ सालचा. पहिल्या वसंतात जे बोलले गेले ते ऐकणाऱ्यांच्या कानांतच राहिले. त्या आवाजांपैकी एक जरी आज ऐकायला मिळाला असता तर आपण धावत गेलो असतो. म्हणून मुद्रण हे फार मोठे साधन आहे असेच आम्ही मानतो. आमची विनंती एवढीच की, आपल्यापैकी कोणी कॉलेजच्या समितीवर असतील, कोणी पालक असतील, कोणी शिकवत असतील. आपल्या संस्थेत अशी यादी तयार होऊ लागली, आणि ‘ती तांत्रिक बाब आहे’ असे कोणी म्हणाले, तर घरी जाऊ नका. खुर्ची ओढून घ्या आणि कागद मागा. त्यात बोलणारा, ऐकू न येणारा आणि कुलूप काढणारा सापडतात का, ते पाहा. नसतील तर त्यांची नावे आपल्या हाताने लिहा, आणि मोजता येईल अशा भाषेत लिहा.

आजच्या या भाषणाचेही मुद्रण चालू आहे, असे चिटणीसांनी आम्हांला आधी सांगितले आणि आमची संमती घेतली, याबद्दल त्यांचे आभार. कोपऱ्यातल्या यंत्राशी जो तरुण बसला आहे त्याने पंखा दूर ठेवला आहे, हे आम्ही आल्याबरोबर पाहून घेतले. दुसऱ्या पाळीला गेलेल्या कोणाला हे उद्या सकाळी स्वच्छ ऐकू आले, तर आमच्या मित्राचे ते जुने कष्ट फळाला आले असे आम्ही समजू.